ऋतुमान, रस्ता आणि मोटारसायकल

महाराष्ट्राच्या ग्रामीण प्रशासनाचा बराचसा कारभार आज दोन चाकांवर चालतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, पशुवैद्यकीय कर्मचारी, वाडीवस्तीवरील शाळेचे शिक्षक, आरोग्यसेवक आणि पंचायतीचे सदस्य या सर्वांना नेमून दिलेले गाव गाठण्याचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे मोटारसायकल. एकेकाळी हा प्रवास पायी, सायकलवर किंवा मुक्कामाच्या एस. टी. गाडीने होत असे. १९७२ मध्ये लूना बाजारात आली आणि १९८० नंतरच्या दशकात कमी पेट्रोलवर चालणाऱ्या शंभर सी. सी.च्या मोटारसायकली आल्या. त्यानंतर खेड्यापाड्यांतील अंतरे पाहता पाहता कमी झाली.

अंतरे कमी झाली. धोका मात्र कमी झाला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पत्र्याचे आवरण असते, डोक्यावर छप्पर असते आणि खाली चार चाके असतात. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत ऊन, वारा, पाऊस आणि रस्ता यांचा संबंध थेट त्याच्या देहाशी येतो. म्हणूनच आपल्या प्रदेशाचे ऋतुमान कसे आहे आणि त्यानुसार आपल्या वाहनाचे व चालवण्याचे मान कसे बदलावयास हवे, याचा विचार प्रत्येक स्वाराने करणे अगत्याचे आहे.

एक राज्य, अनेक हवामाने

महाराष्ट्राचे हवामान एकजिनसी नाही. कोकणात वर्षाकाठी सर्वसाधारणपणे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर तो याहून कितीतरी अधिक असतो. आंबोलीची सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास जाते. सह्याद्री ओलांडून पूर्वेस उतरले की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. एका सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. पश्चिमेस महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात जेमतेम पाचशे मिलिमीटर. पूर्व विदर्भात पुन्हा पाऊस वाढतो. पण तेथील खरा कसोटीचा काळ म्हणजे उन्हाळा. चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे हे नवल नाही. उलट नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्याच्या काही पहाटे तापमान ५ अंशांखाली उतरते.

जमिनीचीही तीच गोष्ट. कोकणातील जांभा दगडाची तांबडी माती पावसात रस्त्यावर वाहून येते आणि सावलीतील रस्त्यांवर शेवाळ धरते. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील काळी कसदार जमीन पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दर वर्षी थोडाफार उंचसखल होतो. तात्पर्य, बदलीवर नव्या जिल्ह्यात रुजू झालेल्या कर्मचाऱ्याने तेथील दप्तर समजून घेतो तसाच तेथील रस्ताही समजून घ्यावा. लातूरला दहा वर्षे निर्वेध गाडी चालवलेली असली, तरी तो अनुभव रत्नागिरीच्या जुलै महिन्यात पुरा पडेलच असे नाही.

ओल्या रस्त्याचे गणित

मृगाचा पहिला पाऊस शेतकऱ्यास आनंद देतो. मोटारसायकलस्वारास मात्र तो सर्वांत फसवा. आठ महिने कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर वाहनांचे तेल, टायरच्या रबराचा भुगा आणि धूळ यांचा थर साचलेला असतो. पहिल्या सरींनी तो धुऊन जात नाही, नुसता भिजतो, आणि रस्त्यावर बुळबुळीत लेप तयार होतो. जोरदार पाऊस दोन-तीन वेळा पडून गेल्यावर हा लेप वाहून जातो आणि पकड काहीशी सुधारते. म्हणून वळीव किंवा पहिला पाऊस सुरू होताच, शक्य असल्यास, काही वेळ आडोशास थांबून मग निघणे श्रेयस्कर.

ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास अंतर अधिक का लागते, हे साध्या गणिताने समजते. शिक्षकांना हे उदाहरण वर्गातही वापरता येईल. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरू. टायर आणि डांबर यांच्यातील घर्षणांक कोरड्या रस्त्यावर ०.७ आणि ओल्या रस्त्यावर ०.४ घेऊ. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागून ती कोरड्या रस्त्यावर ५ मीटरमध्ये व ओल्या रस्त्यावर ९ मीटरमध्ये थांबते. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी ६० किलोमीटर केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते : कोरड्या रस्त्यावर २० मीटर आणि ओल्या रस्त्यावर ३५ मीटर. त्यात त्या एका सेकंदातील १७ मीटर मिळवले, म्हणजे ओल्या रस्त्यावर एकूण सुमारे ५२ मीटर अंतर लागते. वळणापलीकडचे पन्नास मीटर जेथे दिसत नाहीत, तेथे ताशी ६० चा वेग हा केवळ दैवावर टाकलेला भार होय.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, पावसात वेग कमी ठेवावा आणि पुढील वाहनापासूनचे अंतर दुपटीने वाढवावे. दुसरा, दोन्ही ब्रेक एकत्र पण हळुवार दाबावेत. वळणावर गाडी कललेली असताना ब्रेक दाबणे टाळावे, वेग वळणाच्या आधीच कमी करावा. तिसरा, रस्त्यावरील पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि रेल्वे फाटकातील रूळ हे पावसात काचेसारखे निसरडे होतात हे ध्यानी ठेवून रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत.

१२५ सी. सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली आहे. ती उपयुक्त आहेच. परंतु ती चाक जखडू देत नाही एवढेच, ओल्या डांबराला नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल, तर कोणतीही यंत्रणा फारशी कामास येत नाही. टायर बदलावयाचा असल्यास तो मे महिन्यातच बदलावा. दिवाळीच्या बोनसची वाट पाहू नये.

पावसाळ्यातील आणखी एक सर्रास दिसणारे दृश्य म्हणजे मागील सीटवर छत्री उघडून बसलेली व्यक्ती. वाऱ्याचा एक झोत छत्रीत शिरला की गाडीचा तोल जाण्यास क्षणही पुरतो. छत्री वाहनावर कदापि उघडू नये. रेनकोटची लोंबती टोके, साडीचा पदर आणि ओढणी चाकात वा साखळीत अडकणार नाहीत अशी आवरून घ्यावीत. मागील चाकाचे संरक्षक आवरण, म्हणजेच साडीगार्ड, काढून टाकू नये. त्याची तरतूद नियमांत याच कारणासाठी आहे.

फरशीवरून पाणी जात असेल तर

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. ग्रामीण रस्त्यांवरील अनेक ओढे कमी उंचीच्या फरशी पुलांवरून ओलांडावे लागतात. वरच्या अंगास पाऊस झाला की आपल्या गावी ऊन असतानाही फरशीवर पाणी चढते. अशा वेळी पलीकडे बैठक असते, शाळेची घंटा होण्याची वेळ झालेली असते, घरी कोणी वाट पाहत असते. आणि मग ‘गुडघाभरच तर आहे’ या शब्दांनी अनर्थास सुरुवात होते.

वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. मोटारसायकलच्या चाकाचा आस जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर असतो. पाणी तेथवर पोचले की दोन्ही चाकांवर व इंजिनावर आडवा दाब येतो. तोल सावरण्यासाठी स्वाराने पाय टेकावा, तर तोच पाय प्रवाह ओढून नेतो. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे काठावरून कळण्याचा मार्ग नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. महामार्गावरील दगडी पुलाची ही गत होऊ शकते, तर गावओढ्यावरील फरशीची काय कथा?

म्हणून नियम एकच आणि तो अपवादरहित असावा : फरशीवरून पाणी वाहत असेल, तर ओलांडू नये. ओढ्याचा पूर जसा झपाट्याने चढतो, तसा बहुधा काही तासांत ओसरतोही. थांबण्याने काम उशिरा होते, एवढेच.

येथे अधिकारी वर्गाची जबाबदारी विशेष आहे. हाताखालचा कर्मचारी जीव धोक्यात घालून बैठकीस येतो, तो पुष्कळदा गैरहजेरीच्या भीतीने येतो. अतिवृष्टीच्या दिवशी बैठक पुढे ढकलणे, अहवाल दूरध्वनीवर घेणे आणि पुरामुळे उशीर झालेल्याची हजेरी समजुतीने लावणे, या गोष्टींना खर्च काहीही नाही. भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी व लाल असे इशारे देत असतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ हून अधिक म्हणजे अतिजोरदार आणि २०४.५ हून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार, अशी त्याची वर्गवारी आहे. फिरतीचा कार्यक्रम आखताना हे इशारे पाहण्याची सवय कार्यालयांनी लावून घ्यावी.

ज्या गाडीच्या इंजिनात पाणी गेले असेल, ती पुन्हा पुन्हा बटन दाबून वा किक मारून चालू करण्याचा खटाटोप करू नये. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. त्यामुळे इंजिनाचा आतील दांडा वाकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे काम मोठ्या खर्चावर जाते. गाडी ढकलत न्यावी व मेकॅनिककडून प्लग काढून पाणी बाहेर काढून घ्यावे. साचलेल्या पाण्यातून आल्यावर ड्रम ब्रेक काही काळ नीट लागत नाहीत. हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा अलगद दाबल्यास ते सुकतात.

घाट आणि धुके

पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढगच रस्त्यावर उतरतात. आंबा, आंबोली, कुंभार्ली किंवा ताम्हिणी घाटात भर दुपारीही दहा-पंधरा मीटरपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी दिव्याचा प्रकाश खालचा ठेवावा. वरचा प्रखर झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप लागतो, तो याच हेतूने की समोरच्याला आपण दिसावे. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे हा चुकीचा हिशेब आहे. योग्य गिअरमध्ये ठेवल्यास इंजिन स्वतःच गाडीला रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. दरडीच्या बाजूस माती व बारीक दगड घरंगळताना दिसले, तर ती पुढील दरडीची सूचना समजावी आणि तेथे थांबू नये. धबधब्याचे छायाचित्र घेण्यासाठी तर नाहीच नाही.

विजेचा धोका

एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात, विशेषतः मराठवाडा व विदर्भात, मेघगर्जनेसह वादळे होतात. बंद मोटारीचा पत्रा विजेपासून काही संरक्षण देतो. मोटारसायकलवर ते मुळीच नाही. रबरी टायरमुळे बचाव होतो, ही समजूत निराधार आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यास तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर गाडी बाजूस लावून पक्क्या इमारतीत जावे. एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे भ्रमणध्वनीवरील साधन उपलब्ध करून दिले आहे. त्याचा उपयोग फिरतीवरील कर्मचाऱ्यांनी अवश्य करावा.

सुगीचे दिवस आणि थंडी

पाऊस संपला की रस्ते कोरडे होतात आणि स्वार निर्धास्त होतो. वस्तुतः देशातील सुमारे तीन-चतुर्थांश अपघात स्वच्छ हवामानातच घडतात. त्याचे एक कारण असे दिवस संख्येनेच अधिक असतात हे होय. दुसरे कारण असे की चांगल्या हवेत वेग वाढतो आणि सावधगिरी सुटते.

सुगीच्या दिवसांत काही गावी सोयाबीन, ज्वारी वा अन्य धान्य डांबरी रस्त्यावर वाळत घातले जाते किंवा मळले जाते. कोरड्या दाण्यांवरून चाक घसरते आणि रात्री राशीभोवती ठेवलेले दगड दिसत नाहीत. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचे गोळे रस्त्यावर येतात; त्यांवर दव पडले की तेही निसरडे होतात. पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात याच सुमारास ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो. मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोताने डोळे दिपलेले असताना तर ती दिसतच नाही. अशा वेळी वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

थंडीचा परिणाम तापमापकावर दिसतो त्याहून अधिक असतो. हवा १० अंशांवर असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या उघड्या त्वचेला ती साडेपाच अंशांइतकी गार भासते. बोटे आखडली की क्लच व ब्रेक दाबण्यास विलंब होतो. म्हणून पहाटेच्या प्रवासात हातमोजे हवेतच. कानटोपी किंवा मफलर हा हेल्मेटचा पर्याय नव्हे. मफलरची टोके जाकिटाच्या आत असावीत.

संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा मांजा हा नवा धोका उद्भवतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो आणि त्याने स्वारांचे गळे कापले जाण्याच्या घटना घडतात. या दिवसांत गळ्याभोवती जाड कापड घट्ट गुंडाळावे आणि शाळांनी मुलांना या मांजाचे दुष्परिणाम आवर्जून सांगावेत.

वैशाखातील प्रवास

वारा लागला की गार वाटते, हा आपला नेहमीचा अनुभव. तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तप्त, म्हणजे ४३ किंवा ४५ अंशांवर गेली, की वारा शरीरातील उष्णता नेण्याऐवजी बाहेरची उष्णता शरीराला देऊ लागतो. घाम वाळल्याने थोडा गारवा मिळतो, परंतु घामावाटे पाणी झपाट्याने कमी होते आणि घाम आलेला कळतही नाही. म्हणून वैदर्भीय माणूस डोक्यास व तोंडास दुपट्टा गुंडाळतो, ती रीत शास्त्रशुद्धच आहे; मात्र त्यावर हेल्मेट हवे. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे घालावेत, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि शक्य तो प्रवास सकाळी अकरापूर्वी किंवा ऊन उतरल्यावर करावा. गरगरणे, मळमळ, बरळणे, अंग तापूनही घाम न येणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्तीस सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

टायरमधील हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडून दिल्यास टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरल्यास स्फोट होतो, ही अफवा दर वर्षी पसरते. पेट्रोल आपोआप पेटण्यास लागणारे तापमान उन्हात मिळणाऱ्या तापमानाच्या कितीतरी पट अधिक आहे. निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरण्यास हरकत नाही. मात्र दुपारी डांबर वितळून रस्ता चकचकीत दिसतो, तेथे वेग आवरावा.

पंचायत आणि शाळा काय करू शकतात

स्वाराने सावध राहावे, हे खरे. परंतु सर्व भार त्याच्यावरच टाकणे न्याय्य होणार नाही. पुढील कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत किंवा संबंधित बांधकाम विभागाकडे ठराव पाठवून करून घेता येतील.

१. प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही टोकांस पाण्याची खोली दाखवणारे रंगीत खांब आणि कडेला पांढरे दगड मे अखेर लावणे.

२. पूर आल्यास फरशीवर दोर वा अडसर लावणाऱ्या व्यक्तींची नावे आधीच ठरवणे आणि पलीकडच्या गावास दूरध्वनीने कळवणे.

३. वळणावरील वाढलेली झुडपे तोडणे, शेवाळ धरलेले उतार खरवडणे आणि खड्डे निदान मुरमाने भरून घेणे.

४. धान्य वाळवण्यासाठी गावात सार्वजनिक खळे किंवा मोकळी फरसबंद जागा उपलब्ध करून देणे, म्हणजे रस्त्यावर राशी घालण्याची पाळी शेतकऱ्यावर येणार नाही.

५. हंगामापूर्वी गावातील ट्रॉल्या व बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावून घेणे.

६. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, हे ग्रामसभेत सांगणे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद करण्यात आली आहे. पोलीस चौकशीच्या भीतीने कोणी जखमीस रस्त्यावर सोडून जाऊ नये.

शिक्षकांनी थांबण्याच्या अंतराचे गणित विद्यार्थ्यांकडून शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून घ्यावे. ५२ मीटर म्हणजे किती, हे चालून पाहिलेला मुलगा ते विसरणार नाही. चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट आवश्यक आहे आणि चार वर्षांखालील मुलास दुचाकीवरून नेताना सुरक्षा पट्टा व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा २०२३ पासून लागू आहे, हे पालकसभेत सांगावे.

शेतकरी आभाळाकडे पाहून पेरणी ठरवतो. त्याच्याच बांधावरून रोज ये-जा करणाऱ्या आपण सर्वांनी आभाळाकडे आणि रस्त्याकडे पाहून प्रवास ठरवावा. ओढ्याकाठी तासभर थांबलेला ग्रामसेवक कामात कसूर करतो असे मानू नये. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर असतो, आणि गावाला त्याचीच गरज असते.